पांढऱ्या पळसाखालचं नाव

मी लवकर विसरणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. चौथीत असताना जिने माझा रंगखडूंचा डबा लपवला आणि वर मलाच बाईंचा मार खायला लावला, तिच्या लग्नाचे फोटो पुढे मीच काढले. अल्बमच्या पहिल्या पानावर मी तिचे डोळे अर्धे मिटलेला फोटो लावला. चांगला फोटो माझ्याकडे होता, पण तो बिघडला असं तिला सांगितलं. ती हळहळली आणि मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

हे सांगायचं कारण एवढंच की ज्या सरांनी माझा फोटो स्वतःच्या नावावर लावला, त्यांना माझा हा स्वभाव ठाऊक नव्हता. त्यांना वाटलं, स्टुडिओवाली बाई आहे, दोन दिवस रुसेल आणि गप्प बसेल. मी गप्प बसले हे खरं. पण का बसले, ते त्यांना वर्षभराने कळलं.

ब्रह्मपुरीत बसस्टँडपासून थोडं आत आमचा स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नं, बारशी, आणि गेलेल्या माणसाचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून देणं, हे रोजचं काम. शेवटचं सगळ्यांत जास्त चालतं. कार्डावर माणूस कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो. घरच्यांना तो कोट घातलेला, शांत आणि थोडा गोरा हवा असतो. मी कोट घालून देते, गोरा करत नाही.

पासपोर्टच्या स्टुलासमोर, गिऱ्हाइकाने नजर कुठे लावावी म्हणून, एक जुनं जपानी कॅलेंडर टांगलेलं आहे. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. वडील दर दसऱ्याला नागपूरला जायचे, तिथल्या एका स्टॉलवरून त्यांनी ते आणलं होतं. त्यांना त्यातलं बुद्धाचं देऊळ आवडलं आणि मला त्या देवळाच्या छपरावर झुकलेलं झाड. एक पान नाही, नुसती फुलं. ते साल संपलं, नंतरची कितीतरी सालं संपली, पण ते पान मी कोणाला काढू दिलं नाही. तिकडे म्हणे थंडी सरता सरता लोक कॅमेरे घेऊन देवळोदेवळी नुसती फुलं टिपत हिंडतात. हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, मग आपल्याकडे काय कमी आहे? फाल्गुन लागला की पळस, पांगारा, काटेसावर, सगळी झाडं पानं टाकून नुसत्या फुलांवर उभी असतात. आणि त्यांच्याखाली कुठे दगडी देऊळ, कुठे मारुती, कुठे शेंदूर फासलेला गावदेवीचा ओटा असतोच.

तेव्हापासून दर फाल्गुनात मी सकाळी लवकर स्कूटी काढते आणि उन्हं चढेपर्यंत परत येऊन दुकान उघडते. मार्कंड्याची देवळं, नदीकाठचे मारुती, जंगलातले ओटे, सगळं पालथं घातलंय. देवळात मी हात जोडत नाही, पण त्याच्या अंगणातल्या झाडाशी माझं काही वैर नाही. पुजाऱ्यांनाही ते एव्हाना माहीत झालंय.

सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. आमच्या स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं निळ्या फाटकाचं घर. फोटो काढणाऱ्या हौशी लोकांचा आमचा एक ग्रुप आहे, त्याचे ते सर्वेसर्वा. खोटं कशाला बोलू, त्यांनीच मला थांबायला शिकवलं. "उजेड तुझ्यासाठी येत नाही, तू उजेडासाठी जायचं," असं ते म्हणायचे, आणि मला ते पटायचं. ते पुस्तकी मराठी बोलत. आमच्यासारखं "मले", "तुले" त्यांच्या तोंडून कधी निसटलं नाही. त्यांनी एखाद्या फोटोला "बरा आहे" म्हटलं तरी माझा आठवडा बरा जाई.

आता त्या झाडाकडे येते.

एक दिवस एक म्हातारी बाई नवऱ्याचं आधार कार्ड घेऊन दुकानात आली. तलावात मासे धरणाऱ्यांचं घर. नवरा जाऊन महिना झाला होता. मी सवयीप्रमाणे त्याला कोट घातला. तिने स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, "कोट नोको. तो कवा घालत होता कोट? गमछा टाक खांद्यावर."

गमछ्याचा फोटो माझ्याकडे नव्हता. मी शेजारच्या पानठेल्यावरच्या भाऊंना बोलावलं, त्यांच्या खांद्यावरच्या गमछ्याचा फोटो काढला आणि तो म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसवला. त्यात अर्धा दिवस गेला. तयार झालेला फोटो ती बराच वेळ बघत राहिली.

"हा तोच हाय," ती म्हणाली. मग जाता जाता दारात थांबली. "तू फुलाईचे फोटू काढतेस म्हनतेत. फागुनात ये आमच्या इथी. तुले एक झाड दाखवतो."

गाव कोणतं ते मी इथेही लिहिणार नाही. नदीपासून फार लांब नाही एवढं पुरे, आणि तेही खरं असेलच असं नाही. फाल्गुनात मी गेले. गावाबाहेर झुडपांच्या मागे गावदेवीचा ओटा होता आणि ओट्यावर पळस. पण तांबडा नाही, पांढरा. सायीसारखा पांढरा पळस. असं झाड असतं एवढंच मी ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. ओटाभर फुलं पडली होती आणि ती बाई खराटा घेऊन ती झाडत होती.

"काऊन झाडता?" मी विचारलं. "राहू द्या ना, किती छान दिसतात."

"म्हनूनच झाडतो," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्या गावात त्या झाडाला कोणी पळस म्हणत नाही, म्हातारी म्हणतात. म्हातारी फुलली की घरटी एक बाई, पाळीपाळीने, कोंबडा आरवायच्या सुमाराला येते. पडलेलं एकूण एक फूल झाडून टोपलीत भरते आणि तलावात सोडते. वाटसरूच्या पायाखाली एकही पांढरं फूल यायला नको. कारण आमच्या भागात शिकल्यासवरल्या माणसांच्याही डोक्यात बसलेलं आहे की पांढऱ्या पळसाच्या मुळाशी धन असतं, त्याच्या सालीने माणूस वश होतो. असं झाड लोकांना सापडलं की आधी फुलं जातात, मग साल जाते, आणि शेवटी खड्डा राहतो. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या एका खराट्याच्या जोरावर ते झाड जगवलं होतं.

"काढ फोटू," ती म्हणाली. "पन जागा सांगजो नोको. कोनालेच."

मी शब्द दिला. तेवढ्यात झाडांच्या फटीतून ऊन आलं आणि ओट्यावर आडवं पसरलं. फुलं आतून पेटल्यासारखी झाली, आणि डाव्या कोपऱ्यातून तिचा गोंदलेला हात खराट्यासकट फ्रेममध्ये आला. मी बटण दाबलं. इतक्या वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता, आणि तो मिळालाय हे बटण सोडायच्या आत मला कळलं होतं.

आता माझी चूक. तो फोटो मी कोणाला दाखवायला नको होता. पण मला सरांच्या तोंडून दोन शब्द ऐकायचे होते. मी माझ्या मनाची समजूत घातली, की जागा तर सांगत नाही ना. तिचा हात आणि खराटा कापून टाकला. ओट्यावरचे पितळी डोळ्यांचे दगड कापले, कारण त्यावरून त्या पट्ट्यातल्या कोणालाही देवी ओळखू आली असती. उरलं ते झाड आणि फुलं. ते पेनड्राइव्हवर घालून मी सरांना नेऊन दिलं. त्यांनी बघितलं, चष्मा काढला, पुसला, आणि "बघतो सवडीने" एवढंच म्हणाले.

महिनाभराने चंद्रपूरला ग्रुपचं प्रदर्शन होतं. दारातून आत शिरले तर समोरच्या भिंतीवर माझा पळस. माणसाएवढा मोठा केलेला. खाली सरांचं नाव आणि 'पांढरा पळस, मार्कंडा परिसर'.

सर दोन पाहुण्यांना तो फोटो कसा मिळाला ते सांगत होते. उजेडासाठी तीन दिवस थांबावं लागलं म्हणे. मी तिथेच म्हटलं, "सर, हा फोटो माझा आहे."

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. सर हसले. "अगं, तुझ्याकडे मूळ फोटो असेलच ना? आण, दाखव. मी स्वतःच्या हाताने नाव बदलतो."

मूळ फोटो होता. दुकानातल्या कम्प्युटरवर होता, कार्डावर होता, जपून ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवरही होता. त्यात तो हात होता, ते गोंदण होतं, ते दगड होते. तो दाखवला असता तर संध्याकाळपर्यंत फोटो माझा झाला असता आणि आठवड्याभरात झाड गेलं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सरांना वाटलं मी हरले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "अशी चिडचिड करू नये. कलाकाराने मन मोठं ठेवावं."

हे वाक्य मी जपून ठेवलं.

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. सरांचं कसं वाटोळं होईल याचे बेत करत राहिले. एकही बेत धड नव्हता. पण चार-पाच दिवसांत तो फोटो एका पेपरात आला, तिथून लोकांच्या मोबाइलवर गेला, आणि माझं काम आपोआप सुरू झालं.

फोटो म्हणजे स्टुडिओ, असा लोकांचा हिशेब. म्हणून मार्कंड्याला हिंडून हात हलवत परत आलेले लोक आधी माझ्याकडे येऊ लागले. तो पांढरा पळस कुठी हाय? मी म्हणे, "मला काय माहीत? फोटो सरांचा आहे, नाव वाचा ना खाली. दोन गल्ल्या सोडून निळं फाटक." कागदावर नकाशासुद्धा काढून देई. मग मी त्यात सुधारणा केली. "सर फार साधे आहेत, पहिल्यांदा नाही म्हणतील. दोन-तीनदा जावं लागतं." आणखी काही दिवसांनी आवाज खाली आणून सांगू लागले, "त्या झाडाच्या मुळीचंही त्यांना माहीत आहे म्हणतात. खरंखोटं देव जाणे." मी देव मानत नाही, पण त्या दिवसांत मी त्याला बऱ्याच वेळा साक्षीला घेतला.

सिरोंच्याकडचा एक माणूस पिशवीभर लिंबं घेऊन आला, निम्मं तेलुगूत बोलायचा. एका साहेबाच्या बायकोला देव्हाऱ्यात ठेवायला एकच फूल हवं होतं. आणि एक ठेकेदार होता, पांढरी मोठी गाडी, गळ्यात जाडजूड साखळी, त्याला मूळ हवं होतं. तो माझ्याकडे फक्त एकदा आला. सरांकडे मात्र जातच राहिला.

सुरुवातीला सरांना मजा वाटली. अंगणात खुर्च्या टाकून ते लोकांना पळसाची माहिती द्यायचे. जागा मात्र सांगता येत नाही म्हणायचे, निसर्गाचं रक्षण वगैरे. त्यांना खरंच जागा माहीत नाही, यावर लोकांचा विश्वास कसा बसणार? तीन दिवस उजेडासाठी थांबलेला माणूस जागा कशी विसरेल? हळूहळू खुर्च्या आत गेल्या. मग फाटकावरची बेल गेली. मग सर मागच्या दाराने भाजीला जाऊ लागले. चहावाला मला रोज बातम्या द्यायचा आणि मी त्याचा चहा न चुकता दोनदा घ्यायचे. इतकं सुख मला त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोनेही दिलं नव्हतं.

तरी माझं पोट भरलं नाही. ग्रुपच्या बैठकीत मीच उठून म्हटलं, सरांच्या या फोटोबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा पडला, पण सत्काराला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्या सत्कारासाठी फोटोची मोठी फ्रेम मी माझ्या दुकानात स्वतः तयार केली. खाली त्यांचं नाव टाकलं ते चांगलं ठसठशीत अक्षरात. शाल, नारळ, फ्रेम, सगळं झालं. समोरच्या रांगेत ठेकेदार बसला होता, आमंत्रण त्याला कोणी पाठवलं असेल ते सांगायला नको. तो उभा राहून म्हणाला, "सरजी, आता एवढा मान भेटला, तं जागा बी सांगून टाका."

सगळं सभागृह सरांकडे बघू लागलं. सरांनी शाल सारखी केली. "पुढच्या फाल्गुनात मी स्वतः घेऊन जाईन," ते म्हणाले. सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या.

ज्येष्ठात मार्कंड्याच्या बाजूला एका लग्नाची ऑर्डर होती. त्या रस्त्यावर एका छोट्या मारुतीमागे एक पळस आहे, म्हणजे होता. तांबडाच, पण जरा फिकट, उन्हात पिवळसर दिसायचा. माझ्या फुलांच्या अल्बममधला तो तिसरा फोटो. त्याची साल माणसाच्या उंचीपर्यंत सोललेली होती आणि बुंध्याभोवती कंबरभर खड्डा. खड्ड्यात लिंबं, कुंकू आणि तोडलेली मुळं.

मारुतीपाशी बसलेल्या एका भाऊंना मी विचारलं, कोणी केलं हे? ते म्हणाले, "कोन जाने बाई. कोनीतरी उठवलं का त्या सराचा पळस हाच हाय. रातोरात खोदून राह्यले लोकं. काई निंगालं नाई."

मी स्कूटीवर तशीच बसून राहिले. लग्नाला उशीर झाला. सरांना मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या, ज्या येत नव्हत्या त्याही घातल्या. पण दोन दिवसांनी दुकानात एकाला नकाशा काढून देताना माझा हात थांबला. मार्कंडा हे नाव सरांनी लिहिलं होतं. मुळीची गोष्ट मात्र माझी होती. तो कागद मी फाडून टाकला आणि त्या माणसाला सांगितलं, मला काही माहीत नाही. सरांवरचा राग त्याने कमी झाला नाही. उलट वाढला, कारण आता त्यात माझाही वाटा होता आणि तोही मी त्यांच्याच डोक्यावर टाकला.

पुढचा फाल्गुन आला. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं आणि सर आले. वाळले होते. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून पासपोर्टच्या स्टुलावर बसले, जपानी फुलांकडे तोंड करून.

"तो ठेकेदार रोज येतो," ते म्हणाले. "गाडी फाटकासमोर लावतो. उतरत नाही, बोलत नाही. नुसता बसून राहतो. माझी बायको आजारी पडली."

मी टेबलावरचे पासपोर्ट फोटो कापत राहिले.

"मी चुकलो. फोटो तुझा आहे. मी चंद्रपूरला प्रदर्शनात माइकवर सगळ्यांसमोर सांगतो. पण नुसतं सांगून त्याला पटणार नाही, तो म्हणेल मी पळवाट काढतोय. तू मूळ फोटो दाखव. तू दाखवलास की सुटलो मी."

वर्षभर मी याच दुपारची वाट बघत होते. सर माइकवर कबुली देतायत, तेच दोन पाहुणे ऐकतायत, मी मान खाली घालून नम्रपणे उभी आहे, हे सगळं मी कितीतरी वेळा मनात रंगवलं होतं. त्यातली माझी साडीसुद्धा ठरलेली होती. आणि आता ते सगळं माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

पण मूळ फोटो लोकांसमोर गेला की ती पांढरी गाडी माझ्या दारात येणार होती. किंवा तेवढीही गरज पडली नसती. ते दगड आणि ते गोंदण ओळखून ती सरळ त्या गावात गेली असती. आणि समजा दगड कोणी ओळखले नाहीत, तर मी तोंड बंद ठेवलं असतं का? शाबासकीच्या दोन शब्दांसाठी मी शब्द मोडायला निघालेली बाई. माझा मला भरवसा नव्हता.

मी कम्प्युटर चालू केला आणि मूळ फोटो उघडला, दगडांचा कोपरा तेवढा स्क्रीनबाहेर ठेवून. सर स्टुलावरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हा हात," ते म्हणाले, "हा माझ्याकडे नव्हता." मग वाकून जवळून पाहिलं. "हात नाही तर काहीच नाही या फोटोत. त्या खराट्यामुळे सगळा उजेड जागेवर आलाय. अगं, असा फोटो मला आयुष्यात जमला नाही."

जे ऐकायला मी तो पेनड्राइव्ह नेऊन दिला होता, ते मला तेव्हा मिळालं. खोटं सांगत नाही, छाती भरून आली. क्षणभर मला त्यांचा राग आठवेना.

मग आठवला. मी फोटो डिलीट केला. कम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढला. ड्रॉवरमधून ते कार्ड काढलं, मशीनमध्ये घातलं, पुसलं, आणि लॅमिनेशनच्या कात्रीने त्याचे दोन तुकडे केले. दुसरी डिस्क जोडली आणि तिच्यावरचाही उडवला. सरांच्या लक्षात यायला एवढा वेळ लागला.

"अवं, काय करून राह्यली तू?" ते ओरडले. "काऊन पुसलं? मले वाचव ना वं!"

इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून आमची बोली मी पहिल्यांदा ऐकली. ती त्यांना चांगली येत होती.

"आता फोटो माझा असल्याचा पुरावा कुठेच नाही, सर," मी म्हटलं. "आता तो तुमचाच. चिडचिड करू नका. कलाकाराने मन मोठं ठेवावं."

ते हळूहळू पायऱ्या उतरले. मी मागून विचारलं, आलाच आहात तर पासपोर्ट फोटो काढून देऊ का? त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्या फाल्गुनात ठेकेदाराने सरांना गाडीत घालून आठ दिवस मार्कंड्याचा सगळा परिसर पालथा घातला. जिकडे तिकडे तांबडे पळस फुलले होते, त्यात पांढरा एक नाही. आठव्या दिवशी त्याने सरांना बसस्टँडवर उतरवलं आणि दहा लोकांत ओरडून सांगितलं, की असा पळस नाहीच, मास्तरानं कम्प्युटरवर रंग बदलून फोटो बनवला. गावाला ते लगेच पटलं. सर खोटारडे आहेत हे अखेर सगळ्यांना कळलं, फक्त भलत्याच कारणाने. लोक मला येऊन विचारू लागले, बाई, असं होते का? मी म्हटलं, होतं ना, बसा, दाखवते. आणि माझाच एक तांबडा पळस घेऊन त्यांच्यासमोर दोन मिनिटांत पांढरा करून दाखवला. तसं मी निदान वीस-पंचवीस जणांना करून दाखवलं असेल. आता आमच्याकडे पांढऱ्या पळसाचं नाव काढलं की लोक हसतात. सर वरोऱ्याला मुलीकडे राहायला गेले. निळ्या फाटकाला कुलूप आहे, आणि तिथून जाताना मी अजूनही जरा हळू जाते.

यंदाच्या फाल्गुनात मी त्या गावाला गेले, कॅमेरा न घेता. घेतला असता तर राहवलं नसतं. बाई ओट्यावर एकटीच होती. तिचा हात आता थरथरतो. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"कॅमेरा कुठी गेला?"

"आणला नाही."

"मंग हे धर," म्हणाली आणि खराटा माझ्या हातात दिला.

मी ओटा झाडला. नेमकं तसंच आडवं ऊन आलं, फुलं तशीच पेटली, आणि फोटो कुठून घ्यावा हे माझ्या डोळ्यांना आपोआप दिसत राहिलं. मी झाडत राहिले. एकूण एक फूल टोपलीत भरलं, तलावावर नेलं आणि पाण्यात टोपली उपडी केली. पांढरी फुलं पसरत पसरत आत गेली आणि मला रडू फुटलं.

बाईला वाटलं मी फुलांसाठी रडतेय. "रडून काऊन राह्यली?" ती म्हणाली. "दरसाल येतेत ना ते."

मी मान हलवली, डोळे पुसले, आणि रिकामी टोपली घेऊन परत येताना सरांना मनात आणखी एक शिवी घातली.